चारं आलीत बाजारात, आठवणी कसल्या काढता?

सकाळपासून डोकं तापलंय, आणि ते नवतपाच्या उन्हानं नाही.

आपल्या शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी ते चित्र टाकलं. दर मे महिन्यात फिरतं, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चारं (चारोळीची फळं), टेंभरं (तेंदूची फळं), जांभळं, करवंदं, खिरण्या, चिचबिलाई, चौकोनाचौकोनात फोटो आणि वर मोठ्या अक्षरात 'आठवतो का बालपणीचा रानमेवा?' झालं. बदामांचा नुसता पाऊस. 'गेले ते दिवस.' 'आता कुठे मिळतं गं हे सगळं.' 'आपल्या मुलांनी तर पाहिलंही नसेल.'

संध्याकाळी मी इथे नागपुरात गोकुळपेठच्या बाजारात भाजी घ्यायला गेले. कोपऱ्यावर एक मावशी बसल्या होत्या. टोपलीवर ओलं फडकं, फडक्याखाली चारं. पिकून काळी-जांभळी झालेली, एखाददुसऱ्याला अजून देठ चिकटलेला. बाजूला थोडी टेंभरं. पळसाच्या पानांचे द्रोण लावून ठेवलेले, वीस रुपयाला एक. मी घेतच होते तेवढ्यात ग्रुपवरचीच एक मैत्रीण दिसली. सकाळी 'आता कुठे मिळतं' जिनं लिहिलं होतं, तीच. मी हाक मारली. आली. 'अय्या, चारं!' म्हणाली. मोबाइल काढला, वाकून टोपलीचा फोटो घेतला आणि 'चल गं, गाडी रस्त्यातच उभी आहे' म्हणून निघून गेली.

मावशी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, 'सकाळपासून फोटोच काढून राहिले बाई लोकं.'

रात्री ग्रुप उघडला तर तो फोटो हजर, आणि खाली पुन्हा तेच. गेले ते दिवस. अगं, कुठे गेले? आज संध्याकाळी गोकुळपेठेत वीस रुपयाला मिळत होते ते दिवस! तू पाहिलेस, फोटो काढलास आणि तसेच टोपलीत ठेवून आलीस.

मला याचाच राग येतो. रानमेवा म्हटलं की आपण लगेच डोळे पुसायला बसतो. जसं काही ते फळच वारलंय. ते वारलेलं नाही. देवलापार, पारशिवनी, रामटेककडच्या जंगलात ते यंदाही लागलं, बायांनी वेचलं, एसटीत टोपली मांडीवर घेऊन नागपुरात आणलं. आपण घेतलं नाही म्हणून ते संध्याकाळी तसंच परत गेलं. पिकलेलं चार दुसऱ्या दिवसाला टिकत नाही, पाणी सुटतं त्याला. म्हणजे आज न विकलेली टोपली उद्या विकता येत नाही. हे त्या फोटोखाली कोणी लिहिलं का?

माझी आत्या देवलापारच्या पुढे एका खेड्यात दिलेली होती. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आम्हा सगळ्या पोट्ट्यांची तिच्याकडे रवानगी व्हायची. ती आणि गावातल्या बाया अंधारातच जंगलात निघायच्या आणि ऊन चढायच्या आत परत यायच्या. आणलेल्या चारांतली पोटभर आम्हाला मिळायची. उरलेली ती रात्रभर पाण्यात भिजत घालायची. सकाळी गोणपाटावर ओतून तळहातांनी रगडायची, म्हणजे साल-गर निघून खाली कडक बिया उरायच्या. त्या धुऊन अंगणात वाळत टाकायच्या. वाळल्या की जातं बाहेर निघायचं. खरी करामत तिथे होती. वरची तळी किंचित उचललेली ठेवून ती असं हलक्या हातानं फिरवायची की बीचं कवच फुटायचं पण आतला दाणा चिरडायचा नाही. मग सुपानं पाखडायचं. टरफलं उडाली की सुपात उरायची ती चारोळी.

त्यातही दोन डबे असायचे. अख्ख्या दाण्यांचा वेगळा, तुटक्यांचा वेगळा. अख्खे व्यापाऱ्याला, तुटके घराला. अख्ख्याच्या डब्यात माझा हात गेला की चापट बसायची. 'ते विकाचे हायेत, बाई.' दिवाळीला आपण श्रीखंडावर, बासुंदीवर जी चिमूटभर भुरभुरवतो ना, ती चारोळी म्हणजे कोणाच्या तरी घरचा तो अख्खा डबा असतो. पाकिटावर तिचा भाव पाहून 'बापरे' करतो आपण. आणि ज्या फळातून ती निघते, त्या फळाला वीस रुपये देताना मात्र हात आखडतो.

आता माझ्यावर तुटून पडायला काही जण तयारच असतील. 'उघड्यावर असतं ते, धूळ असते.' असते, मान्य. घरी आणून धुवा. द्राक्षं, स्ट्रॉबेरी धुताच ना? मोठ्या दुकानात थंड फळीवर ब्लूबेरीची ती छोटी प्लास्टिकची डबी असते, चिली नाहीतर पेरूहून आलेली, ती न कुरकुरता ट्रॉलीत जाते. तिच्यातल्या जांभळ्या रंगाचं कौतुक करून करून लोक थकत नाहीत. तो रंग ज्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, तेच आपल्या जांभळात आहे. महिन्याभरात नागपूरच्या जुन्या बंगल्यांच्या बाहेर जांभळांचा सडा पडेल. तेव्हा हेच लोक गाडीला डाग पडतात म्हणून झाड छाटायला माणूस शोधतील. मला सांगा, हे बरोबर आहे का?

दुसरा मुद्दा मात्र मी असा झटकून टाकणार नाही, कारण तो खराच आहे. मागणी वाढली की जंगल ओरबाडलं जातं. चारोळीचंच घ्या. भाव चढा, म्हणून फळ पिकायची वाट न बघता कच्चंच तोडतात. चढायचा कंटाळा म्हणून अख्खी फांदी छाटतात. अशानं बी नीट भरत नाही, जमिनीत पडत नाही, नवं रोप उगवत नाही. चाराची जुनी झाडं दिसतात, पोरझाडं फार कमी दिसतात. आत्याच्या गावात दंडक होता की अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्याशिवाय चाराला हात लावायचा नाही. सगळे पाळायचे. मग एका वर्षी कोणीतरी आधी गेलं. पुढच्या वर्षी आपल्याला उरेल की नाही म्हणून सगळेच आधी गेले, आणि तो दंडक जो मोडला तो मोडलाच. आत्या शेवटपर्यंत त्यावर चिडायची. 'पिकू तं द्याचं,' एवढंच म्हणायची.

पण नीट विचार करा. कच्चं तोडलेलं फळ चारोळीच्या व्यापाऱ्याकडे खपतं, कारण त्याला फक्त बी हवी. द्रोणात घेऊन तुम्हा-आम्हाला खायला कच्चं फळ चालतच नाही. म्हणजे टोपलीतलं काळंभोर चार घेताना आपण त्या बाईला पिकेपर्यंत थांबल्याचे पैसे देत असतो. पिकलेल्या फळाला शहरात गिऱ्हाईक असेल तर थांबणं तिला परवडेल. नसेल तर तिनं का थांबावं? लेकरांची शाळा, घरातलं तेल-मीठ तिलाही आहे.

टेंभराचंही तसंच. तेंदू म्हटला की आपल्याकडे पानच आठवतं, बिडीचं. चांगला कोवळा पाला फुटावा म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, काही ठिकाणी आगही लावतात. दर वर्षी छाटलेल्या झुडपाला फळ कुठून लागणार? टेंभरं लागतात वाढू दिलेल्या मोठ्या झाडाला. अस्वलंही चारं, टेंभरं, बोरं, जांभळं सगळं खातात आणि बिया दूरवर टाकतात. पानाला सरकारदरबारी लिलाव आहे, ठेकेदार आहे. फळाला कोण आहे? आपण, नाहीतर कोणीच नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगलात राहणाऱ्यांना गौण वनोपजावर, म्हणजे फळं, पानं, मध अशा गोष्टींवर, मालकी हक्क दिला. चांगलंच झालं. पण हक्कानं तोडलेलं फळ विकायला माणूस तर पाहिजे समोर.

आणि तोडायला जाणं म्हणजे काही पिकनिक नसते. चंद्रपूरकडे तेंदूपत्ता, मोहफुलं वेचायला गेलेल्या बायांवर वाघानं हल्ला केल्याची बातमी उन्हाळ्यात येतेच येते. वाकून वेचणारी बाई वाघाला माणूस वाटतच नाही म्हणतात. आत्या निघाली की आमची आजी उंबऱ्यातच बसून राहायची, ती परत दिसेपर्यंत. तेव्हा आम्हाला वाटायचं आजीला चारांची घाई आहे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या मैत्रिणीवर तर आता नाहीच. ती मनानं फार चांगली आहे, हे वाचत असेल तर रागावू नकोस गं. उद्या माझ्याकडे ये, ताजा द्रोण घेऊन ठेवते. मला वाटतं, खूप जणांना घेऊन करायचं काय हेच कळत नाही. लहानपणी नुसतं तोंडात टाकायचो, आता द्रोणभर चारं घरी आणली तर नवरा एक खातो, मुलं नाक मुरडतात, बाकीची फ्रीजमध्ये सडतात. म्हणून मी काय करते ते सांगते.

चारं मुठीमुठीनं चाळणीवर घ्या, थोडं पाणी शिंपडून हातानं चोळा. खाली जांभळट दाट रस उतरतो. त्यात गूळ, काळं मीठ, भाजून कुटलेलं जिरं आणि माठातलं पाणी. फार आंबट नसतं, वासाला छान असतं. कैरीच्या पन्ह्यापेक्षा मला हे जास्त आवडतं, वाद घालायचा तर घाला. माझ्या भाच्यानं आज दोन पेले पिऊन तिसरा मागितला, आणि तो नाक मुरडणाऱ्यांतला पुढारी आहे.

टेंभरं घेताना मात्र बघून घ्या. पिवळी, दाबल्यावर नरम लागतील अशीच. जरा कच्चं असलं तर जीभ अशी आखडते की पाणीही गोड लागत नाही. वरचं कडक साल फोडायचं, चिकट गर बियांवरून सोडवायचा. याला वेळ लागतो, त्याला इलाज नाही. गरात किंचित सुंठ घालून तूप लावलेल्या ताटात पसरा आणि गच्चीवर ठेवा. नागपूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्या, दोन दिवसांत पोळी सुटते. डब्यात घातली की प्रवासाला होते.

कच्ची करवंदं मिळाली तर लोणचं. चिरून मिठाच्या पाण्यात ठेवा, चीक निघून जातो. मग मोहरीची डाळ, मेथी, हिरवी मिरची, हळद आणि वरून गरम करून गार केलेलं तेल. आमच्याकडे जवसाचं तेल असायचं. ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा, भाजी लागणार नाही.

जांभळाचं काय सांगायचं, मिठाबरोबर खाऊन जीभ दाखवायची एवढंच. बोरं हिवाळ्यात. भोगीच्या भाजीत आणि संक्रांतीच्या सुगडात घालतो तेवढ्यापुरतीच आणू नका. गूळ-मीठ घालून उकडा, वाळवून बोरकूट करा. शाळेच्या फाटकाबाहेर पुडीतून बोरकूट चाटत आपण सगळे वाढलो, काही बिघडलं नाही कोणाचं.

आत्या तुटकी चारोळी खसखशीबरोबर वाटून पाटवडीच्या रश्श्यात घालायची. श्रीखंडात अख्खी चारोळी नसली तरी तिच्या घरच्या रश्श्याला जो दाटपणा यायचा, तो मला अजून साधलेला नाही. मिक्सरमध्ये ते होत नाही. तिथूनच माझं पुढचं काम निघालंय.

चारं खाल्ल्यावर बिया फेकू नका. धुऊन वाळवून माझ्याकडे पाठवा, मी धरमपेठेतच असते. थोड्या पेरायच्या आहेत. जुनी बी नीट उगवत नाही, म्हणून पाऊस लागताच घालीन. बाकीच्या फोडून चारोळी काढायची आहे, आत्याच्या पद्धतीनं. त्यासाठी जातं हवं. आत्याचं जातं तिच्या मागे कोणाकडे गेलं ते कळत नाही. महालात, इतवारीत जुन्या वाड्यांत राहणारे तुमच्यातले बरेच आहेत. कोणाकडे जिन्याखाली जातं पडून असेल, खुंटा नसला तरी चालेल, तर इनबॉक्समध्ये सांगा. रविवारी रिक्षा घेऊन येते. आणि येताना गोकुळपेठवरूनच येणार आहे, कोणाला द्रोण हवा असेल तर खाली लिहा. पैसे आधी पाठवा, मावशींशी भाव मी करणार नाही.