निवलेला चहा

काल संध्याकाळी शेजारच्या काकांनी माझा आइस्ड टी आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच गॅसवर, माझ्या डोळ्यांदेखत उकळला आणि वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर काय बोलायचे म्हणून मी त्यांना सांडशी शोधून दिली. रात्री झोप लागली नाही, ती उकळलेल्या चहापेक्षाही त्या सांडशीमुळे.

तो चहा मी सकाळपासून करत होतो. 'करत होतो' हे घरात कोणाला मान्य नाही, कारण त्यातला बराचसा वेळ चहा नुसता बसून होता. पण त्याला नीट बसवणे हेच त्यातले काम आहे. बर्फ वितळून त्याचे पाणी होणार, हे धरून पत्ती नेहमीच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे लिटरभर पाण्याला आठ चमचे घ्यावी लागते; चार-पाच मिनिटांत ती गाळावी लागते, नाहीतर टॅनिन उतरून जीभ चरचरते; आणि गार चहात साखर तळाशी रुसून बसत असल्यामुळे तिचा पातळ पाक आधीच करून ठेवावा लागतो. हे सगळे मी केले. चुकलो एकाच ठिकाणी : गाळलेला चहा बाहेर सावकाश निवू न देता कढत असतानाच फ्रिजमध्ये ढकलला. काळा चहा थंड होऊ लागला की त्यातले कॅफीन आणि थिआफ्लेव्हिनसारखी द्रव्ये एकमेकांना चिकटतात आणि चहा गढूळ होतो. घाईने थंड केला तर फारच. संध्याकाळी भांडे बाहेर काढले तेव्हा आत पावसाळी ओढा होता. चवीत त्याने काही बिघडत नाही, पण हे पाहुण्याला आधी सांगावे लागते, आणि आधी सांगितले की सारवासारव वाटते.

आता राहिला होता पुदिना. त्याची पाने कुटली की चहात हिरवट कडवटपणा उतरतो, म्हणून ती एका तळहातावर ठेवून वर दुसऱ्या हाताने एक टाळी द्यायची. तेवढ्याने पानांतले तेल मोकळे होते आणि वास सुटतो. पाच ग्लासांच्या पाच टाळ्या. मी परसात एकटाच उभा राहून तिसरी टाळी वाजवत असताना कुंपणापलीकडून काकांचा आवाज आला, "कोणाबद्दल?"

मी चहाबद्दल म्हटले, आणि तिथेच फसलो, कारण काकांनी ते आमंत्रण समजले. येताना त्यांनी पुदिन्यावरून जुना विषयही काढला. दोन वर्षांपूर्वी मी तो कुंडीत न लावता वाफ्यात लावला, ही माझी चूक मला मान्य आहे. पुदिना जमिनीलगत धावते फुटवे सोडतो आणि कुंपण मानत नाही. त्यांच्या वाफ्यातला पुदिना माझ्याकडून आलेला असल्यामुळे ते त्याला 'तुझे अतिक्रमण' म्हणतात. मात्र तोडून नेताना तो त्यांचा असतो. असो.

ग्लास हातात घेऊन काकांनी तो उजेडाकडे धरला.

"दूध कमी पडलंय."

"दूध घातलेलंच नाही, काका."

"मग हे काय?" त्यांनी गढूळपणाकडे बोट दाखवले. मी कॅफीनपासून सुरुवात केली. ते ग्लास बाहेरून चाचपत होते. "अरे, हा तर निवलाय."

"तो गारच प्यायचा असतो."

"असं आम्हीही म्हणायचो, चहा विसरलो की."

आता वादात इतिहास आणू नये, पण मला राहवले नाही. मी त्यांना सांगितले, की अमेरिकेतल्या सेंट लुईसला १९०४ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात उकाड्याने गरम चहा खपेना म्हणून एका विक्रेत्याने त्यात बर्फ टाकला, अशी गोष्ट सांगतात खरी. पण व्हर्जिनियातल्या गृहिणींच्या पाककृतींच्या १८७९ सालच्या पुस्तकातही बर्फावर ओतायचा चहा आहे, आणि त्यात रात्रीच्या जेवणासाठी लागणारा चहा सकाळी न्याहारीच्या वेळीच करून ठेवायला सांगितले आहे.

काकांनी विचार केला. "म्हणजे १८७९ पासून गरम करायचा राहिलाय," ते म्हणाले आणि पातेले शोधू लागले.

इथे मी उठून पातेले हातातून घ्यायला हवे होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर उपद्रवाचा लवलेश नव्हता. माणूस मनापासून माझी अडचण सोडवत होता. उपकार करणाऱ्याशी भांडता येत नाही आणि म्हणूनच असली माणसे जगात निर्वेधपणे पातेली शोधत फिरतात. त्यांनी ग्लासांतला बर्फ चमच्याने वेचून मोरीत टाकला. तो बर्फ मी चहाचाच गोठवला होता, वितळून चव पातळ होऊ नये म्हणून. भुऱ्या खड्यांकडे पाहून त्यांनी "पाणी गाळत जा" एवढेच सुचवले. चहा पुदिन्यासकट गॅसवर चढला आणि तापताच गढूळपणा नाहीसा होऊन तो आरशासारखा स्वच्छ झाला.

"बघ," काका म्हणाले.

माझा खरा अपमान यानंतर झाला. कपातला पहिला घोट घेऊन त्यांनी तोंडाने वारा आत ओढला आणि चकित होऊन म्हणाले, "गरम करूनसुद्धा गार लागतोय की! मग बर्फ कशाला?" यावर उत्तर नाही, कारण ते खरेच आहे. पुदिन्यातले मेन्थॉल तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच फसवते. तापमान तेच राहते आणि गारवा मात्र जाणवतो. त्या तंतूंवरचा ग्राहक, म्हणजे थंडी टिपणारे प्रथिन, ज्युलियस आणि पॅटापुटियन या शास्त्रज्ञांनी मेन्थॉल वापरूनच शोधले, आणि अशा संशोधनाबद्दल २०२१ चे नोबेलही त्यांना मिळाले. म्हणजे नोबेल समितीसुद्धा काकांच्या बाजूची.

मी माझा कप प्यायलो. बरा होता, हे मी इथे लिहितो आहे. त्यांना सांगितलेले नाही.

आज सकाळी कुंपणापलीकडून टाळ्या ऐकू आल्या. काका वाफ्यात उभे राहून पुदिना हातावर आपटत होते, आणि शेजारी त्यांच्या नातीला सांगत होते, "हे मी त्याला शिकवलंय."