'नशेनं गाणं दिलं' हे साफ खोटं आहे

माझ्या भाच्यानं दिवाळीपासून दारू सोडली आहे. आमचं गाव आर्वी तालुक्यात. जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण हवी त्याला मिळते. काल त्याचा फोन आला, "मामा, नशा केल्याबिगर असं गाणं सुचतच नाई म्हणते." गावच्या ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड त्याच्यापर्यंत पोचला होता.

फॉरवर्ड आहे 'रेड हॉट चिली पेपर्स' या अमेरिकन रॉक बँडच्या 'अंडर द ब्रिज' या लॉस एंजेलिसवरच्या उदास गाण्याबद्दल. म्हणे प्रेयसी सोडून गेली, गायक पुलाखाली जिवलग दोस्तांत नशा करत बसला, तिथं गाणं सुचलं, तिथंच तो मेला. 'नशा सोडली असती तर जग या गाण्याला मुकलं असतं.'

गायक अँथनी कीडिस जिवंत आहे, अजून गातो. १९८८ मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसनं गेला तो बँडचा गिटारवादक, कीडिसचा मित्र हिलेल स्लोव्हाक. मेलेला कोण हेही ज्याला ठाऊक नाही, तो पोरांना नशेचे फायदे सांगतो आहे!

आता मुख्य खोटं. कीडिसनं २००४ च्या 'स्कार टिशू' या आत्मचरित्रात सगळं स्वतः सांगितलंय. स्लोव्हाक गेल्यावर, १९८८ च्या ऑगस्टमध्ये त्यानं नशा सोडली. गाणं सुचलं १९९१ मध्ये, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त काळ तो कोरडा होता तेव्हा. बँडमधले सोबती गांजा ओढत, त्यांच्यात हा परका पडला. रिहर्सलहून एकटा गाडी चालवत घरी निघाला आणि वाटलं, आपल्याला आता हे शहरच तेवढं उरलं. त्या एकटेपणातून ओळी आल्या. भाच्याला हा एकटेपणा कळतो. पारावरची सगळी दोस्तमंडळी पीत असताना उठून घरी जावं लागतं, तेव्हा काय होतं ते त्याला विचारा.

आणि पुलाखालचे 'जिवलग दोस्त'? तो प्रसंग नशा सोडण्याआधीचा, आणि ती गुंडांची टोळी होती. परक्याला तिथं थारा नव्हता. त्याला तिथं घेऊन गेलेल्यानं 'हा माझ्या बहिणीशी लग्न करणार आहे' अशी थाप मारली, तेव्हा कुठे कीडिसला आत घेतलं. गाण्यात त्या दिवसाची ओढ कुठेच नाही. तसं पुन्हा कधी वाटू नये, हेच तो गातो.

प्रेयसीचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. ती जवळ असताना तिला सोडून आपण पुलाखाली नशा करत बसलो, ही सल त्यात आहे. फॉरवर्डमधल्या पुलाच्या फोटोला काही अर्थ नाही. नेमकी जागा कीडिसनं गुप्तच ठेवली.

कुणी म्हणेल, तो पुढे पुन्हा घसरला. हो, घसरला, १९९४ च्या सुमारास. पण डिसेंबर २००० मध्ये त्यानं नशा परत सोडली, आणि बँडचे अल्बम त्यानंतरही येतच राहिले. भाच्याला मी हे सगळं सांगितलं. ज्यांनी तो फॉरवर्ड पुढे ढकलला, त्यांनी आजच ग्रुपवर 'हे खोटं आहे' असं लिहावं. तिथं दारू सोडू पाहणारी आणखीही पोरं आहेत.