नाडी लागते म्हणून पाय सुखरूप?

‘नडगीचं हाड मोडल्यावर पोटरी कितीही सुजली, तरी पावलाची नाडी लागतेय आणि बोटं गरम आहेत तोवर घाबरू नका. पाय उशांवर उंच ठेवा. डॉक्टर पाय फाडायचा म्हणाले तर तो बिल वाढवायचा डाव. हाड कातडीबाहेर आलं असेल तर दाब आपोआप निघून जातो.’ हा मेसेज घराघरांतल्या ग्रुपांवर फिरतोय.

नाडीचा मुद्दा सगळ्यात घातक. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत असतात आणि कप्प्यांचं आवरण फारसं ताणत नाही. आत रक्त आणि सूज साठली की दाब चढतो; यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. पारा ३०-४० मिमीच्या आसपास गेला की स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्या मिटू लागतात. मोठ्या धमनीतला वरचा दाब मात्र १२०च्या घरात. म्हणजे घोट्याशी नाडी खुशाल उडत असते आणि पोटरी आत मरत असते. नाडी जाईपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

मग पाहायचं काय? दुखापतीच्या मानाने बेसुमार, इंजेक्शनलाही न जुमानणारी कळ. पायाची बोटं दुसऱ्याने हळूच वाकवली किंवा ताणली तरी किंकाळी. अंगठा आणि शेजारच्या बोटामधली बेचकी बधिर होणं.

पाय उंच ठेवणं मुरगळ्याला ठीक. इथे त्याने पायात येणाऱ्या रक्ताचा जोर आणखी घटतो, म्हणून पाय हृदयाच्या पातळीवर ठेवतात. प्लास्टर असेल तर ते आतल्या कापसासकट पूर्ण उघडायचं. हाडवैद्याने आवळलेल्या कामट्यांनाही तेच लागू.

‘डाव’ म्हणाल, तर निदान बहुतेकदा तपासणीवरच होतं. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा शंका असेल तर सुईने दाब मोजतात. रक्तदाबाचा खालचा आकडा ७० आणि कप्प्यातला दाब ४५, तर फरक २५. तो ३०च्या खाली राहिला की फॅशिओटॉमी, म्हणजे कप्प्यांचं आवरण चिरणं. सहसा दोन लांब छेद देऊन चारही कप्पे मोकळे करतात. जखम मुद्दाम उघडी ठेवतात, दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहून टाके घालतात किंवा त्वचारोपण करतात. व्रण कुरूप राहतो, हे खरं. पण साधारण सहा तासांत स्नायूंची हानी कायमची होऊ लागते. पुढे पाऊल लुळं पडतं, मेलेल्या स्नायूंतली द्रव्यं मूत्रपिंडं निकामी करू शकतात, कधी पायच कापावा लागतो. बिलावर जरूर भांडा, पण ऑपरेशननंतर.

आणि हाड बाहेर आल्याने फार तर एखादा कप्पा फाटतो. उरलेल्यांत दाब चढायला काहीच अडत नाही.