टेबल जड केलं की चॅटर जातो?

हॉबी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमानं फिरत्या टूलनं कापणारं छोटं मशिन) बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला इतक्यांदा पुढे पाठवला जातो की आता तो नियमच समजला जातो. थोडक्यात असा: मशिनखालचं प्लायचं टेबल काढा, ४ मिमी जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील) चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड करून घ्या, पाइपांत वाळू भरा, पाणसळ लावून लेव्हल करा, चॅटर (कापताना टूल थरथरून कापावर लहरी उमटणं) बंद, माप पक्कं. फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स देण्याआधी यातला एकेक मुद्दा तपासलेला बरा.

‘चॅटरचं मूळ टेबलात असतं’

छोट्या मशिनांत बहुधा नसतं. टूलवर येणारं बळ स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर), झेड अक्ष (तिला वर-खाली नेणारा भाग), गॅन्ट्री (हे सगळं पेलणारा आडवा पूल), बाजूच्या प्लेटा आणि बेड अशी फेरी मारून जॉबपाशी, म्हणजे कापायच्या तुकड्यापाशी, येतं. ३०१८ सारख्या छोट्या तयार मशिनला स्वतःची फ्रेम असते, त्यामुळे ही फेरी मशिनच्या आतच पूर्ण होते. खालचं टेबल डोललं तर टूल आणि जॉब जवळपास बरोबरीनं डोलतात. दोघांमधलं अंतर फारसं बदलत नाही, आणि कापावर उमटतं ते हे अंतरच. गॅन्ट्री झटक्यानं दिशा बदलते तेव्हा टेबल थरथरतं हे खरं, पण त्यासाठी जीआरबीएलमध्ये (मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) $१२० ते $१२२ या ॲक्सिलरेशनच्या सेटिंग असतात. ॲक्सिलरेशन कमी करून बघा, फुकट आहे.

लवचिकपणा कुठे आहे ते मोजता येतं. डायल गेजचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याचा) स्टँड बेडवर बसवा (बेड ॲल्युमिनियमचा असेल तर मॅग्नेट धरणार नाही, आधी एक लोखंडी पट्टी बोल्ट करा). डायल कोलेटच्या (टूल पकडणाऱ्या चिमट्याच्या) नटावर टेकवा आणि स्पिंडल ताणकाट्यानं ५ किलोच्या जोरानं ओढा. रीडिंग लिहून घ्या. मग जोर तोच, ओढायची जागाही तीच. डायल मात्र आधी झेडच्या प्लेटवर, मग गॅन्ट्रीवर, मग बाजूच्या प्लेटवर. ज्या टप्प्यावर आकडा एकदम घसरतो, त्या दोन जागांमध्ये दुखणं आहे. गोल रॉडवर चालणाऱ्या मशिनांत ते बऱ्याचदा रॉडमध्येच सापडतं, कारण रॉडला फक्त दोन टोकांशी आधार असतो.

हे सगळे भाग एकामागोमाग जोडलेल्या स्प्रिंगांसारखे वागतात. समजा गॅन्ट्री आणि झेड मिळून ताठरता १ न्यूटन प्रति मायक्रॉन आहे, फ्रेमची १०. एकत्रित ताठरता ०.९१. फ्रेम दुप्पट मजबूत केली तर ०.९५. गॅन्ट्री दुप्पट केली तर १.६७.

आणि टूल तर कुणी बघतच नाही. कोलेटबाहेर ३० मिमी काढलेलं एंडमिल (कापणारं टूल) २० मिमीवर आणलं, की त्याचं वाकणं तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी होतं, कारण इथे लांबीचा तिसरा घात लागतो. व्यासाचा तर चौथा: त्याच लांबीचं ३ मिमीचं टूल ६ मिमीच्या टूलपेक्षा १६ पट जास्त वाकतं.

‘पाइप जितका जाड आणि जड, तितका ताठ’

४०×४०×४ चा पाइप मीटरला साधारण ४.५ किलो भरतो, ६०×६०×२ चा ३.६ किलो. वाकण्याला विरोध मात्र दुसरा दुपटीनं करतो. पोलाद मध्यापासून जितकं लांब, तितकं जास्त कामाचं. म्हणजे ४ मिमीचा आग्रह धरणारा माणूस जास्त पैसे मोजून निम्मी ताठरता घरी आणतो. बोल्टसाठी टॅप मारायची जागा तेवढी जाड हवी. तिथे आतून पट्टी लावता येते. पाय डुलत असतील तर चौकटीला तिरप्या पट्ट्या मारा. त्यानं जो फरक पडतो तो पाइप बदलून पडत नाही.

‘वाळू भरा’

वाळूनं पाइपचा टणत्कार दबतो, आवाज कमी होतो. ताठरता वाढत नाही. ताठरता तीच ठेवून वजन दुप्पट केलं तर नैसर्गिक कंपनसंख्या सुमारे ३० टक्क्यांनी खाली येते. आधीच डुलणारं टेबल अजून सावकाश डुलायला लागतं. बरं, ती वाळू ओली असेल तर पाइप आतून गंजणार.

‘वेल्ड केलेली फ्रेम सरळ असते’

इथे सल्ला सर्वांत जास्त महाग पडतो. १२०० मिमीचं मोठं मशिन बांधताना रेल (गॅन्ट्री ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) थेट टेबलाच्याच फ्रेमवर बसवल्या जातात. तिथे टेबल खरंच बळाच्या त्या फेरीत येतं आणि फ्रेमवर खर्च करणं योग्यच आहे. पण वेल्ड थंड होताना आकसतो आणि फ्रेमला पीळ बसतो. त्यावर एचजीआर१५ (१५ मिमी रुंदीची) रेल आवळली की ती पाइपचाच आकार घेते, मग कॅरेज (रेलवर सरकणारा ठोकळा) एका टोकाला सुळकन पळतं आणि दुसऱ्या टोकाला अडतं. कारखान्यात अशी फ्रेम साधारण ६०० अंश सेल्सिअसला तापवून ताण काढतात आणि मग रेलच्या बैठका मशीन करतात. घरी ते शक्य नाही. तेव्हा आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे, कर्ण मोजायचे, मग बाजू आलटून पालटून फुल वेल्डिंग. पीळ बघायला समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणा; मध्ये त्या एकमेकींना जेमतेम शिवल्या पाहिजेत. वरची दोरी खाली घेऊनही बघा, नाहीतर उलटा पीळ कळत नाही. उरलेला फरक शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) लावून किंवा पातळ इपॉक्सी ओतून काढायचा.

‘लेव्हल नसेल तर माप चुकतं’

राउटरला जमीन कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याचा संदर्भ त्याच्या स्वतःच्या रेल. टेबल थोडं कलतं असलं तरी माप बिघडत नाही. झेडची खोली एका कोपऱ्यात कमी-जास्त येत असेल तर स्पॉइलबोर्ड (जॉबखालचा एमडीएफचा बोर्ड) त्याच मशिनवर फेस करून, म्हणजे वरून सपाट कापून, घ्यायचा. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात एमडीएफ दमट हवेनं फुगतो, तेव्हा ऑगस्टमध्ये खोली बिघडली म्हणून पायांचे बोल्ट फिरवत बसू नका. अर्ध्या मिमीचा एक फेसिंग पास मारा.