मराठीत मालिका असतात

गणपतीला जोडून सुट्टी आली म्हणून ताईने घरच्या ग्रुपवर विचारलं, "बघण्यासारख्या सिरीज सुचवा रे." भाच्याने दहा मिनिटांत बारा नावं टाकली. कोरियन, स्पॅनिश, एक डॅनिश, आणि सगळ्यात वर जर्मन 'डार्क'. दादरच्या मावशीने विचारलं, "यात मराठी एकही नाही?" त्यावर त्याचं उत्तर आलं, "मावशीआजी, मराठीत सिरीज नसतात, मालिका असतात." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मावशीनेही एक टाकला.

मी तेव्हा जर्मनीत, श्टुटगार्टच्या एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये होतो. फाइहिंगनला गाडी नेहमीसारखी अडून राहिली होती आणि मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होतो. आठवडा झाला, राग अजून गेलेला नाही.

'डार्क' चांगलीच आहे. २०१७ ते २०२०, तीन सीझन, २६ भाग. कोण कुणाची आई आणि कुणाचा मुलगा हे कळायला मी कागदावर वंशवृक्ष काढून बसलो होतो. पण सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी तिचं नाव मी कधी ऐकलं नाही. तिथे विषय असतो 'टाटऑर्ट'. रविवारी रात्री सव्वाआठ, एक खून, दीड तास. १९७० पासून हेच चाललंय. सुरुवातीचे ते डोळे, पळणारे पाय, क्लाउस डोल्डिंगरचं संगीत, सगळं तेच. दर रविवारी शहर तेवढं बदलतं: म्युन्स्टर, कोलोन, व्हिएन्ना, आमचं श्टुटगार्ट. बरेचसे भाग सुमार असतात, खुनी कोण ते अर्ध्यातच कळतं. लोक सोमवारी मनसोक्त नावं ठेवतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा टीव्हीसमोर बसतात. आमच्या भाषेत बघण्यासारखं काही नसतं, असं म्हणून हसताना मी इथे कुणाला पाहिलेलं नाही.

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. पहिली काही वर्षं आमचं बोलणं केअरवोखेपुरतंच, म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याच्या आठवड्याच्या पाळीपुरतंच होतं: माझी पाळी होती आणि जिना नीट पुसला गेला नव्हता, एवढंच. मग एका रविवारी त्यांचा रिमोट चालेना म्हणून त्यांनी मला बोलावलं. तो सुरू होईपर्यंत सव्वाआठ झाले, तेव्हा म्हणाल्या, बसा आता. तेव्हापासून बसतो. श्टुटगार्टच्या 'टाटऑर्ट'मधले लानर्ट आणि बोट्झ हे दोघे पोलीस २००८ मध्ये पडद्यावर आले. मीही मुंबईहून त्याच वर्षी आलो. आजी म्हणतात, तुम्ही तिघे एकदमच आलात. या शहरात माझ्याशी इतक्या आपुलकीने दुसरं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

भाच्याला मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मामा, अर्ध्या मालिका बंगालीवरून उचललेल्या असतात." 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोई'वरून आली, हे खरं आहे. पण त्याच्याच यादीतली डॅनिश 'फोरब्रिडेल्सन' २००७ ची, आणि २०११ मध्ये अमेरिकेने तिच्यावरून 'द किलिंग' केली. त्यांनी केलं की ॲडॅप्टेशन आणि आपण केली की उचलेगिरी, हा कुठला न्याय?

मग तो म्हणाला, "ताणतात किती!" इथे तो बरोबर आहे, पण ताणतं कोण? इथली 'लिंडनश्ट्रासं' १९८५ साली सुरू झाली आणि २०२० मध्ये संपली. आठवड्याला एक याप्रमाणे चौतीस वर्षांत १७५८ भाग. आपल्या 'चार दिवस सासूचे'चे अकरा वर्षांत तीन हजारांवर भाग झाले. त्यात रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री होती. आठवड्याला सहा भाग द्यायचे, वर महाएपिसोड. हाताशी भागांची बँक नसते. घोडबंदर रोडला किंवा मढला आज शूट झालेलं दोन दिवसांत पडद्यावर जातं. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की ट्रॅक फिरतो, मग लेखकाने मनात काहीही ठरवलेलं असो. या चरकातून कुठलीही भाषा घातली तरी चिपाडच बाहेर पडेल. जर्मनीतही रोजच्या मालिका आहेत, पण त्यांना कुणी जर्मन टीव्हीचं तोंड मानत नाही.

इथे प्रत्येक घराला सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात, घरात टीव्ही असो वा नसो. लोक कुरकुरतात. मीही पहिल्या वर्षी खूप चिडलो होतो. पण त्या पैशांमुळेच 'टाटऑर्ट'च्या लेखकाला दीड तासाच्या एका गोष्टीसाठी सवड मिळते. आणि हे आपल्याला परकं नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव त्याच सरकारी केंद्राने घराघरात आणला. तेव्हा जगात काय चाललंय ते आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी आम्ही चिमणरावच बघितला असता.

त्या रात्री दीडपर्यंत जागून मी माझी यादी केली. नुसती नावं नाहीत, कारणांसकट. 'आभाळमाया', १९९९ ची, विनय आपटेंची, सुकन्या कुलकर्णींच्या सुधा जोशीसाठी. संसार मोडताना बाई ओरडत नाही, नोकरीवर जाते, मुलींची वेणी घालते, हे तिथे पाहिलं. अशोक पत्कींच्या चालीतलं तिचं शीर्षकगीत लागलं की देवकी पंडितांचा आवाज आमच्या बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांवर एकदम यायचा. प्रतिमा कुलकर्णींची 'प्रपंच', एकत्र कुटुंबासाठी. 'पिंपळपान', मराठी साहित्यातल्या गोष्टी पडद्यावर कशा आणायच्या ते बघायला. 'श्रीयुत गंगाधर टिपरे', ज्यात आठवड्यातून एकदा पाच माणसांच्या घरात फारसं काही घडायचं नाही आणि तरी आम्ही वाट बघायचो. 'वादळवाट'. आणि रोज लागूनही उत्कंठा टिकवणारी सतीश राजवाडेंची 'असंभव'.

भाच्याचं उत्तर सकाळी आलं. "मामा, यातली शेवटची मालिका संपली तेव्हा मी दुसरीत होतो."

मी यादी परत वाचली. माझ्या विमानानंतरची एकही नव्हती. 'असंभव' तर मी निघालो तेव्हा चालूच होती. तिचा शेवट मी पाहिलेला नाही. तो आईने मला फोनवर सांगितला, आणि तिने सांगितलेलंच मी इतकी वर्षं स्वतः पाहिल्यासारखं धरून चाललोय. भाचा आजीबरोबर मुलुंडच्या दोन खोल्यांत राहतो. तिची साडेआठची मालिका तो रोज भिंतीपलीकडून ऐकतो, तिचे वर्षानुवर्षांचे गैरसमज आणि सहा वेळा मोडलेलं एकच लग्न ऐकतो. मी साडेसहा हजार किलोमीटरवरून त्याला सांगतोय की मराठीचा मान ठेव. गेल्या दहा वर्षांत मराठी मालिकेचा एक भाग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. हे लिहायला मला जड जातंय, पण खरं आहे.

दोन दिवसांनी त्याचा आणखी एक मेसेज आला. "'मानवत मर्डर्स' बघ. २०२४ ची आहे. परभणीकडची खरी केस, आशुतोष गोवारीकर पोलीस अधिकारी झालाय. भारी आहे." मी विचारलं, मग बारा नावांत ही का नव्हती? बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "विचारलं की ती नावं सुचतच नाहीत रे मामा. म्हणजे आवडली होती, पण सुचली नाही."

मला राग आला होता तो याचाच. त्याला आवडते आणि सुचत नाही. आणि मला सुचतात त्या मी कधीच मागे सोडल्या.

आईची साडेआठची मालिका म्हणजे इथे उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात चार. मी नेमका त्याच वेळी फोन करतो, गेली कित्येक वर्षं. ती म्हणते, थांब, जाहिराती लागल्या की बोलते. मी फोन कानाला लावून थांबतो. पलीकडून कुणीतरी रडत असतं, पार्श्वसंगीत तीन वेळा आदळतं, मध्येच भाचा म्हणतो, "आजी, आवाज कमी कर गं." मग जाहिराती लागतात, आणि ती आधी मालिकेत काय झालं ते सांगते, मग मी जेवलो का ते विचारते.