'व्हीबीटी सोडा, सीएफटी धरा' हा मेसेज चुकीचा का आहे

बोर्ड आणि नीट जवळ आली की नाशिकमधल्या बारावीच्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. 'व्हीबीटी जुनी, खोटी ठरलेली थिअरी आहे. तिच्यानंतर आलेल्या सीएफटीने सगळं सुटतं. कॉम्प्लेक्सचा रंग म्हणजे डी-डी ट्रान्झिशन. लिगँडवर ऋणभार जास्त, तेवढा तो स्ट्राँग. एवढं पाठ करा, कोऑर्डिनेशन संपलं.' यात व्हीबीटी म्हणजे व्हॅलन्स बाँड थिअरी, सीएफटी म्हणजे क्रिस्टल फील्ड थिअरी; कॉम्प्लेक्स म्हणजे मधे धातू आणि त्याला भोवतीने जोडलेले रेणू किंवा आयन, त्यांनाच लिगँड म्हणतात; आणि डी-डी ट्रान्झिशन म्हणजे धातूच्या एका डी-ऑर्बिटलमधून दुसऱ्यात इलेक्ट्रॉनची उडी. मी हा धडा शिकवतो. मुलं हे खरं मानून पेपरात लिहितात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी 'नंतर आलेली' हे बघू. बेथेने क्रिस्टल फील्ड १९२९ मध्ये मांडली, तीही स्फटिकांतल्या आयनांसाठी. पॉलिंगने व्हीबीटी कॉम्प्लेक्सना लावली १९३१ मध्ये. म्हणजे सीएफटीच थोरली. रसायनवाल्यांनी तिला मनावर घेतलं १९५० च्या दशकात, म्हणून पुस्तकात ती मागाहून येते.

आता रंग. इथे जरा थांबायला हवं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना मोरचूद (कॉपर सल्फेट) सांगायला नको, फवारणीचं बोर्डो मिश्रण त्याचंच करतात. एका विद्यार्थिनीने बागेच्या शेडमधून मोरचुदाचा खडा आणला होता. कुटून परीक्षानळीत तापवला. निळा रंग कडेकडेने उडत गेला, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले, तळाशी पांढरी भुकटी उरली. नळी गार झाल्यावर दोन थेंब पाणी टाकलं, तर निळाई परत आली आणि नळी हाताला कोमट लागली. मग दुसऱ्या नळीत मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया घातला. आधी फिका निळा साका, आणखी घातल्यावर शाईसारखा गडद निळा. तांबं तेच, त्याचा +२ भारही तोच, बदलले ते भोवतीचे लिगँड. पाण्यापेक्षा अमोनिया डी-ऑर्बिटल्सच्या ऊर्जेत जास्त फट पाडतो, त्यामुळे शोषला जाणारा प्रकाश बदलतो. हे सीएफटी फार सुंदर सांगते, आणि व्हीबीटी रंगाबद्दल गप्पच असते.

पण 'रंग म्हणजे डी-डी' कसं? विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट घ्या. त्यातलं मँगनीज +७ आहे, डी-ऑर्बिटलमध्ये एकही इलेक्ट्रॉन नाही, मग डी-डी उडी मारणार कोण? तिथे ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे जातो. त्याला चार्ज ट्रान्सफर म्हणतात, आणि तो इतका जोरदार असतो की चिमूटभरात बादली जांभळी होते. उलट मँगनीज +२ च्या पाण्यात डी-इलेक्ट्रॉन पाच असूनही रंग जेमतेम फिका गुलाबी.

ऋणभाराचा मुद्दा तर स्पेक्ट्रोकेमिकल सिरीज, म्हणजे कमी फट पाडणाऱ्यापासून जास्त फट पाडणाऱ्यापर्यंत लिगँडची यादी, पाहताच पडतो. आयोडाइड, ब्रोमाइड, क्लोराइड ऋणभारित, आणि बसतात तळाला. कार्बन मोनॉक्साइडवर भारच नाही, आणि तो सगळ्यात वर. लिगँडला नुसता बिंदूसारखा भार मानणारी सीएफटी इथे अडकते. निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये तर निकेलचाही भार शून्य, म्हणजे विद्युत आकर्षणाने धरून ठेवायला काही नाही. तरी बंध पक्का आहे, कारण कार्बन इलेक्ट्रॉन देतो आणि निकेल आपले डी-इलेक्ट्रॉन कार्बन मोनॉक्साइडच्या रिकाम्या पाय (π) ऑर्बिटलमध्ये परत देतं. हे मोजताही येतं: मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचं कंपन २१४३ प्रति सेंमी, निकेलला जोडल्यावर सुमारे २०६०. कार्बन-ऑक्सिजन बंध सैल झाला. यासाठी मॉलिक्युलर ऑर्बिटल थिअरी लागते, जी धातू आणि लिगँडचे ऑर्बिटल एकत्र मिसळून बघते; मेसेजात तिचं नावही नाही.

राहिली व्हीबीटी 'खोटी' असल्याची गोष्ट. निकेल +२ चे दोन कॉम्प्लेक्स घ्या. क्लोराइडबरोबरचा पॅरामॅग्नेटिक (चुंबकाकडे ओढला जाणारा), दोन एकटे इलेक्ट्रॉन, म्हणून हायब्रिडायझेशन (ऑर्बिटल्सची मिसळण) एसपी३, आकार टेट्राहेड्रल, म्हणजे चतुष्फलक. सायनाइडबरोबरचा डायामॅग्नेटिक, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत, म्हणून डीएसपी२, स्क्वेअर प्लेनर, म्हणजे सपाट चौकोनी. चुंबकत्वावरून आकार इतक्या झटपट दुसरी कुठलीही पद्धत बारावीच्या मुलाच्या हातात देत नाही. तेव्हा पेपरात 'हायब्रिडायझेशन आणि आकार सांगा' आलं, की व्हीबीटीचे ऑर्बिटलचे चौकोन काढा, इलेक्ट्रॉनचे बाण भरा आणि उत्तर लिहा.