कॅशे पुसून ब्राउझर पळत नाही

चतुर्थीपासून आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'ब्राउझर स्लो झाला? कॅशे पुसा, रॅम वाढवा, लाइटहाउसचा स्कोअर बघा. प्रोफायलर म्हणजे इंजिनिअरांचे चोचले.' (प्रोफायलर म्हणजे वेळ नेमका कुठल्या कामात जातो ते नोंदवणारं साधन.)

कॅशेचं आधी. त्यात आधीच उतरवलेली चित्रं आणि स्क्रिप्ट असतात. ती पुसली की सगळं पुन्हा डाउनलोड, तेही पावसात नेट रडत असताना! जुनी फाइल अडकून पान मोडकं दिसत असेल तर जरूर पुसा.

रॅम विकत घेण्याआधी क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कुठला टॅब, कुठलं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं छोटं जादा सॉफ्टवेअर) किती मेमरी आणि सीपीयू खातंय ते वेगवेगळं दिसतं. विंडोजच्या यादीत तेवढं नीट कळत नाही.

लाइटहाउस म्हणजे क्रोममधलं वेबपानाला गुण देणारं साधन. ते नेहमीच्या चाचणीत पान लोड होताना मोजतं, आणि मोबाइलचा स्कोअर काढताना मुद्दाम संथ नेट, संथ सीपीयू धरतं. उघडलेलं पान टाइप करताना अडखळतं, त्याचं उत्तर त्या आकड्यात नाही.

आता चोचले. म्हापशाला एक ओळखीच्या मावशी होमस्टे चालवतात. बुकिंगच्या फॉर्ममध्ये पाहुण्याचं नाव लिहिलं की अक्षरं मागून रांगत यायची. रॅम १६ जीबी, निम्मी रिकामी. क्रोमच्या डेव्हटूल्समधलं (डेव्हलपरांच्या साधनांतलं) परफॉर्मन्स पॅनेल, म्हणजे तोच प्रोफायलर, उघडलं, रेकॉर्ड दाबून पाच अक्षरं टाइप केली, थांबवलं. प्रत्येक अक्षराखाली लाल कोपऱ्याची पट्टी, म्हणजे ५० मिलिसेकंदांच्या वर गेलेलं काम. पट्टी उलगडत खाली गेलो तर तळाशी साइटचं नाव नव्हतंच. कूपन शोधणारं एक एक्स्टेंशन दर अक्षराला अख्खं पान चाळत होतं. 'अरे, त्या कूपनांतून एक रुपया सुटला नाही कधी!' मावशी म्हणाल्या. काढलं, फॉर्म सुरळीत. (इन्कॉग्निटोत, म्हणजे खाजगी विंडोत, एक्स्टेंशनं आपोआप बंद असतात, तिथे आधी बघितलं असतं तर माझा अर्धा तास वाचला असता.)

अर्थात हे पॅनेल त्या पानापुरतंच बघतं. सगळं मशीनच अडकत असेल, अँटिव्हायरस किंवा ड्रायव्हरचा संशय असेल, तर अख्ख्या मशीनचे प्रोफायलर वापरा: विंडोजवर विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डर, लिनक्सवर पर्फ. फायरफॉक्सवाल्यांना फायरफॉक्स प्रोफायलर आहे, त्याची रेकॉर्डिंग लिंक करून जाणकाराला पाठवता येते. फक्त अपलोड करताना साइटचे पत्ते वगळा. बुकिंगच्या पत्त्यात कधीकधी पाहुण्याचं नावही असतं.